तडकलेला ठसा आणि कोल्हापूरचे तीन राजे

घरातली जुनी नाणी एखादा विद्यार्थी वर्गात घेऊन येतो. एका नाण्यावर अक्षरांना छेदून गेलेली केसासारखी उंच रेघ दिसते. ‘हे खराब आहे का?’ हा पहिला प्रश्न, आणि ‘याचे किती पैसे येतील?’ हा दुसरा. आपण आधी ती रेघच पाहू.

पूर्वी धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वरच्या ठशावर हातोडा मारीत. ठशात अक्षरे उलटी व खोल कोरलेली असत. नाण्यावर ती सुलट व उंच उमटत. घाव सोसून ठसा तडकला की त्या तड्यातही धातू शिरे. म्हणून ठशाचा तडा नाण्यावर उंच रेघ बनतो. नाण्याला नंतर पडलेला ओरखडा मात्र खोलगट असतो. तिरप्या उजेडात भिंगाने पाहिले की फरक कळतो. तडा आपोआप बुजत नाही, वाढत जातो. त्यामुळे एकाच ठशाची नाणी हाती असतील, तर कोणते आधी पाडले व कोणते नंतर, हे सांगता येते.

किमतीचे म्हणाल तर यंत्रावर पाडलेली नाणी एकसारखी असतात, त्यामुळे तपासणीतून निसटलेल्या सदोष नाण्याला संग्राहक जास्त पैसे देतात. हाताने पाडलेल्या शिवराईचे तसे नाही. तिचा ठसा बहुधा चकतीहून मोठा. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ यांतले एखादे अक्षर कडेबाहेर राहणे नेहमीचेच. तिथे दोषाला कोण विचारतो? उलट अक्षरे पूर्ण असतील तर भाव चढतो.

इतिहासाच्या अभ्यासकाचा हिशेब वेगळा. कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे शिशाची प्राचीन नाणी सापडली. पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. या नाण्यांवर धनुष्यबाण आणि त्याभोवती ब्राह्मी लिपीत राजांची नावे आहेत : वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर, गोतमिपुत विळिवायकुर. यांत आधीचा कोण? वर्ष तर एकाही नाण्यावर नाही.

उत्तर मिळाले ते बिघडल्यासारख्या दिसणाऱ्या नाण्यांतून. काहींवर दोन राजांची अक्षरे एकमेकांत मिसळली होती. जुने नाणे न वितळवता त्यावरच नवा ठसा मारला होता, आणि खालचा ठसा पुरता पुसला गेला नव्हता. सिवलकुराच्या ठशाखाली वासिठीपुताची अक्षरे निघाली; गोतमिपुताच्या ठशाखाली त्या दोघांचीही. खालचा तो आधीचा. एवढ्यावरून तिघांचा क्रम लागला. त्यांची वर्षे मात्र या पद्धतीने कळत नाहीत, हे मुलांना आवर्जून सांगावे.

नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. कोण जिंकले, याला वेगळी साक्ष लागत नाही.

म्हणूनच आमची एक विनंती. नाणे चिंचेने वा रांगोळीने घासून लख्ख करू नका. शिसे मऊ असते. खालचे पुसट अक्षर पहिल्या घासण्यातच जाते. शेतात जुना साठा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असली, तर १८७८ च्या कायद्यानुसार तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

वर्गात हा प्रयोग करून पाहता येईल. साबणाच्या वडीवर एखादे अक्षर उलटे व खोल कोरा, तेल लावून त्यावर शाडूची चकती दाबा. मग अक्षराशेजारी टाचणीने बारीक चीर पाडा. दर चकतीनंतर ती थोडी लांबवा. अशा सात-आठ चकत्या वाळल्या की त्या मिसळून टाका आणि ओळीने लावायला मुलांना सांगा.