नीर, नीरा

नीर : (नाम, नपुंसकलिंगी) पाणी. मराठीत हा शब्द बोलण्यापेक्षा अभंगांत आणि 'नीरक्षीरविवेक'सारख्या समासांत अधिक भेटतो. रोजच्या तोंडी 'पाणी'च, आणि ते संस्कृत 'पानीय' म्हणजे पिण्याजोगे, यावरून आलेले. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला मात्र हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो, कारण गाव नीरेकाठी आहे. 'नीरेला पाणी सुटलं' असे म्हणताना पाणी दोनदा आले, हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

नीरा नदी भोर तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते. आधी पुणे व सातारा, मग पुणे व सोलापूर या जिल्ह्यांची हद्द आखत ती अकलूजच्या किल्ल्याजवळून जाते आणि इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. तिच्या खोऱ्यातले भाटघरचे धरण 1928 साली पुरे झाले. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आल्यावर माळशिरस तालुक्यात ऊस उभा राहिला, माळीनगर आणि अकलूजच्या परिसरात साखर कारखाने निघाले.

व्युत्पत्ती : ऋग्वेदात पाण्याला आपः, उदक, सलिल असे शब्द आहेत; नीर नंतरच्या संस्कृतात येतो. तो द्रविड भाषांकडून घेतलेला आहे असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि पुरावाही तसाच भक्कम आहे. तमिळमध्ये नीर, कन्नड व तुळूत नीरु, तेलुगूत नीरु (बोलताना बहुधा अनेकवचनी नीळ्ळु), आणि थेट बलुचिस्तानातल्या ब्राहुईत दीर. तमिळने त्यातून शब्दांचे मोठे कुटुंब उभे केले: तण्णीर म्हणजे थंड पाणी, आता कुठलेही प्यायचे पाणी, वेन्नीर म्हणजे गरम पाणी, कण्णीर म्हणजे डोळ्यांतले पाणी, आसवे. मुंबईच्या मंगळुरी खाणावळीत मिळणारा नीर डोसा हा पातळ, पाणीदार पिठाचा म्हणून नीर. हे पाहायला मद्रासला जाण्याची गरज नाही. सोलापूर शहरातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी नीळ्ळु मागतात, अक्कलकोटच्या कन्नड घरांत नीरु, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नीरा वाहते. मराठी आणि तमिळ यांचे जुने नाते विश्वनाथ खैरे यांनी आयुष्यभर आग्रहाने मांडले. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती पटत नाही, पण नदीच्या नावापाशी ती दिशा बरोबर वाटते.

पेय : शिंदी, ताड किंवा माड यांचा न आंबलेला रस म्हणजे नीरा. झाडाला खाच पाडून संध्याकाळी मडके बांधतात, आतून चुना फिरवतात म्हणजे रस लवकर आंबत नाही, आणि पहाटे उतरवतात. गारवा गेला की तिची ताडी होऊ लागते. म्हणून नीरा विक्री केंद्रावर ती थंडच ठेवलेली असते आणि सकाळीच प्यावी लागते. गांधीजींनी ताडीला पर्याय म्हणून तिचा पुरस्कार केला होता. कन्नडमध्ये शहाळ्याच्या पाण्याला एळनीरु म्हणतात. झाडाफळांच्या रसालाही नीर म्हणायची ही द्रविड सवय पाहिली की पेयाचे नाव परके वाटत नाही.

संस्कृतातले जुळे : नीरद (ढग), नीरधी (समुद्र) यांत पाणी आहे. नीरस, नीरव, नीरोग यांत थेंबही नाही. तिथे 'निर्' हा उपसर्ग आहे. दोन र एकमेकांशेजारी आले की पहिला गळतो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. नीरज हे नाव दोन्हीकडून लागते: पाण्यात जन्मलेले ते कमळ, किंवा ज्यावर रज म्हणजे धूळ नाही ते.

इतर भाषा : आजच्या ग्रीकमध्ये पाण्याला नेरो म्हणतात, आणि त्यावरून ग्रीक व तमिळ यांचे नाते सांगणारे अनेक भेटतात. ते चुकीचे आहे. जुन्या ग्रीकमध्ये पाणी म्हणजे हुदोर, जे आपल्या 'उदक'चे भावंड. 'ताजे पाणी' या अर्थाच्या जोडशब्दातले विशेषण पुढे एकटेच उरले, ते नेरो. त्याचे मूळ 'नवा'च्या घराण्यातले. रोमन सम्राट नीरोचे कुलनाम आणखी वेगळे: बलवान असा त्याचा अर्थ, आणि नाते 'नर'शी. इटालियनमध्ये नेरो म्हणजे काळा.

डचमध्ये नीर म्हणजे मूत्रपिंड. नेफ्रॉलॉजिस्ट या शब्दातले ग्रीक 'नेफ्रोस' त्याचेच नातलग. हंगेरियनमध्ये न्यीर हे बर्च झाड. बंगालीत नीड म्हणजे घरटे, संस्कृतातलेच, पण त्यातला ड उच्चारात र कडे झुकतो आणि ऐकणाऱ्या मराठी माणसाला पाणीच वाटते. जुन्या तमिळमध्ये नीर म्हणजे 'तुम्ही'सुद्धा.

शेतकऱ्याला जवळचे अर्थ सेमिटिक भाषांत सापडतात. अरबीत नीर म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू; मेसोपोटेमियातल्या प्राचीन अक्कादियनमध्येही जूला नीरु म्हणत. हिब्रूत नीर म्हणजे नांगरून तयार केलेले रान. इस्राएलमध्ये गावांच्या नावांत हा शब्द येतो आणि मुलांचे नावही नीर ठेवतात; आपल्याकडे नीरा हे मुलीचे नाव आहे.