कुळागर, जुनी घरे आणि शुक्रवारचा बाजार: गोव्याच्या अंतर्भागातील एक सहल

गोवा म्हटले की बाहेरच्या माणसाला किनारा आठवतो. गोव्यातल्या माणसाच्या आठवणीतला गोवा मात्र बहुधा आतल्या तालुक्यांतला असतो. डोंगराच्या पायथ्याचे कुळागर, मोठ्या ओसरीचे वाडे, परड्यातली जाई, आठवड्याच्या बाजारातून आणलेली सोलां आणि माडाचा गूळ यांनी तो घडलेला असतो. यातले बरेच काही अजून टिकून आहे, पण त्याची परिस्थिती बदलत आहे. कुळागरांना माणसे मिळत नाहीत, वाड्यांना वारस पुष्कळ असून राहणारा कोणी नसतो आणि जुन्या वस्तू एकेक करून घराबाहेर पडत आहेत. शुक्रवारची सकाळ आणि पुढचे दोन दिवस हाताशी असतील, तर बाग, जुन्या वस्तू आणि स्थानिक खरेदी ही तिन्ही अंगे एकाच फेरीत पाहता येतात. तिची आखणी कशी करावी आणि कोठे सावध राहावे, याविषयी हे मार्गदर्शन.

शुक्रवार: म्हापसा

फेरीची सुरुवात शुक्रवारी करण्याचे कारण एकच आहे. म्हापशाचा आठवड्याचा बाजार त्या दिवशी भरतो. बाजार रोजचाच असला, तरी शुक्रवारी बार्देश, पेडणे आणि डिचोलीच्या गावांतून शेतकरी व कारागीर आपला माल घेऊन येतात. सकाळी लवकर पोहोचावे. दुपार झाली की गावठी माल संपत जातो आणि बाहेरून आलेला उरतो.

काय घ्यावे हे ऋतू ठरवतो. एप्रिल-मे हा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा काळ. सुकी मिरची, सोलां, सुकी मासळी, चिंच, कांद्याच्या माळा आणि काजूगर या दिवसांत भरून घेतले जातात. मानकुराद आंब्याचाही हाच मोसम. पावसाळ्यात रानभाज्या येतात. चवथीच्या आदल्या दिवसांत माटोळीच्या सामानाने बाजार भरून जातो. गणपतीच्या वर बांधल्या जाणाऱ्या त्या मंडपीसाठी रानातली फळे, फुले आणि वेली लागतात. ज्याला गोव्याच्या रानाची ओळख करून घ्यायची आहे, त्याने हा बाजार एकदा तरी पाहावा. फोंडा, डिचोली आणि वाळपई येथेही तो भरतो.

वर्षभर मिळणाऱ्या वस्तूंत माडाचा काळसर गूळ, तिरफळे, कोकमाचे आगळ, मातीची भांडी आणि बांबूची सुपे-टोपल्या यांचा समावेश होतो. काही जिन्नसांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. काजूच्या फेणीला ते २००९ मध्ये मिळाले. खोल्याची मिरची, हरमलची मिरची, मयंडोळी केळी आणि खाजे यांनाही नंतर ते लाभले. मानांकनामुळे नावाला किंमत येते आणि त्या नावाने दुसराच माल विकण्याचा मोहही वाढतो. म्हणून विक्रेत्याला गाव विचारावे. स्वतः पिकवणारी बाई गावाचे आणि वाड्याचे नाव सांगते, शिवाय यंदा पीक कसे आले तेही सांगते. केवळ विकणाऱ्याकडे सहसा एवढे सांगण्यासारखे नसते.

दुपारनंतर पर्वरीजवळच्या तोर्डा येथील गोव्याच्या घरांवरील संग्रहालयाला भेट द्यावी. वास्तुविशारद जेरार्द द कुन्हा यांनी ते त्रिकोणी इमारतीत उभारले आहे. गोमंतकीय घराची ओसरी, खिडक्या, दारे, फरशा आणि छप्पर यांची उकल तेथे होते. पुढील दोन दिवसांत जुनी घरे आणि जुने सामान पाहायचे असल्याने ही ओळख उपयोगी पडते.

शनिवार: फोंड्याची कुळागरे

पणजीहून फोंडा सुमारे ३० किलोमीटर आहे. सावई-वेरे, केरी, कुर्टी आणि खांडेपार या परिसरात पाहुण्यांसाठी खुली असलेली कुळागरे आहेत. बहुतेक ठिकाणी मार्गदर्शकासह फेरी आणि दुपारचे जेवण असते. मोठा गट असल्यास आधी कळवावे.

कुळागर म्हणजे केवळ पोफळीची बाग नव्हे. डोंगराच्या कुशीतली झर अडवून तिचे पाणी पाटाने उताराच्या टप्प्याटप्प्यांवर खेळवलेले असते. सर्वांत वर माड आणि पोफळी, त्यांच्या खोडांवर चढलेली मिरवेल, मधल्या थरात केळ, जायफळ आणि भिरंड, तर खाली अननस, आले, हळद. ऊन वरून गाळून खाली येते, पालापाचोळा तेथेच कुजून खत होतो आणि एका पिकाचा मोसम संपेपर्यंत दुसऱ्याचा सुरू होतो. पोफळीला फळ धरायला साधारण पाच ते सात वर्षे लागतात. त्यामुळे आजचे कुळागर ही बहुधा मागच्या पिढीने केलेली तजवीज असते.

जाण्याचा काळ हेतूप्रमाणे निवडावा. हिवाळ्यात हवा सुखाची असते, सुपारीची काढणी पाहायला मिळते आणि मिरीही तयार होत असते. एप्रिल-मे मध्ये भिरंडे पिकतात. पावसाळ्यात कुळागर सर्वांत देखणे दिसते, पण जळवा आणि निसरड्या वाटा यांची तयारी हवी. व्हॅनिला दाखवली गेल्यास तिच्या फुलांविषयी अवश्य विचारावे. तिचे नैसर्गिक परागण करणारे कीटक येथे नसल्याने प्रत्येक फूल हाताने फळवावे लागते. तिची किंमत चढी का, हे तेवढ्यावरून कळते.

सुपारी काढणारा गडी एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जातो, तेव्हा पाहुणे टाळ्या वाजवतात. पण हे काम करणारे कमी होत आहेत. माडावर चढणारे पाडेलीही वेळेवर मिळत नाहीत. त्यात माकडे आणि गवे यांचा उपद्रव. अशा स्थितीत कुळागराने पर्यटनाचा आधार घेतला, यात नवल नाही. त्या आधाराचा खरा लाभ बागेला व्हायचा असेल, तर प्रवेशाचे पैसे देऊन न थांबता तेथेच पिकलेली मिरी, जायफळ, जायपत्री किंवा सोलां घ्यावीत. मात्र कुळागराच्या दुकानात मांडलेला प्रत्येक मसाला तेथलाच असतो असे नाही. लवंग आणि वेलची बरीचशी बाहेरून येते. ‘यातले येथले काय?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. फोंड्यात गोवा बागायतदार या सहकारी संस्थेच्या विक्रीकेंद्रातही स्थानिक माल मिळतो.

परतताना मंगेशी आणि मार्दोळ या गावांतून यावे. मार्दोळची जाई प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात महालसेच्या मंदिरात जायांची पूजा होते, तेव्हा गावातली फुले उत्पादकांच्या घरांतून देवीकडे जातात. हे दिवस साधता आले, तर फुलांची बाग आणि तिचे प्रयोजन दोन्ही एकत्र पाहता येतात.

रविवार: लोटली, चांदर, केपे

फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडला की लोटली येते. सासष्टीतल्या या गावात अनेक जुनी घरे आहेत आणि त्यांपैकी काही पाहुण्यांना दाखवली जातात. पुढे चांदर. प्राचीन चंद्रपूर ते हेच. येथील ब्रागांझा घराचे दोन भाग असून दोन शाखा त्यांत वेगवेगळ्या नांदतात. पत्रकार आणि विचारवंत लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचे हे घराणे. नृत्यदालन, झुंबरे, चिनी मातीची भांडी, शिसवी खुर्च्या आणि मोठा ग्रंथसंग्रह ही तेथली दर्शनीय अंगे. ही घरे म्हणजे संग्रहालये नव्हेत. तेथे माणसे राहतात. आधी वेळ घ्यावी, विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये आणि देखभालीसाठी देणगी द्यावी.

शेवटचा टप्पा केपे. चर्चसमोर, कुशावती नदीच्या काठी पालासियु दु देआंव ही वास्तू उभी आहे. जुझे पावलु द आल्मैदा या धर्माधिकाऱ्याने ती १७८७ मध्ये बांधली आणि केपे गावाच्या वसाहतीचा पायाही त्यानेच घातला. वास्तूचा आणि तिच्या बागेचा जीर्णोद्धार झाला असून पूर्वसूचना देऊन जाणाऱ्यांना ती पाहता येते. कुळागर पोटासाठी आणि ही बाग डोळ्यांसाठी, असा फरक येथे ध्यानात येतो. वेळ उरल्यास बाणावलीचे ‘गोवा चित्र’ पाहावे. शेतीची अवजारे, गाडे, घाणे आणि भांडी यांचा तेथे मोठा संग्रह आहे.

जुनी वस्तू घेताना

गोव्यातील जुने सामान बाजारात का येते, याचे एक कारण वारसाहक्कात आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या व्यवस्थेत मुलगे आणि मुली यांना समान हक्क आहे. ही मोठी न्याय्य गोष्ट. पण तीन पिढ्यांनंतर एका घराचे वारस अनेक शहरांत आणि देशांत विखुरतात. दुरुस्तीवर एकमत होत नाही, घराला कुलूप लागते आणि शेवटी खुर्च्या, पलंग, समया आणि तांब्याची भाणी एखाद्या व्यापाऱ्याला घाऊक भावाने दिली जातात. घेणाऱ्याने याचे भान ठेवावे.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ नुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुन्या कलाकृती आणि ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरतात. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मूल्याच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांसारख्या काही वर्गांची नोंदणी करावी लागते. खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही आणि तसे केल्यास सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परदेशातील नातेवाइकाला जुनी दिसणारी वस्तू पाठवायची असेल, तर ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून आधी घ्यावा. हस्तिदंताची वस्तू कितीही जुनी असली तरी विकत घेऊ नये, कारण तिच्या व्यापाराला वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे. देवळातली किंवा चर्चमधली मूर्ती विक्रीला दिसली, तर मोलभाव न करता ती कोठून आली हे विचारावे. समाधानकारक उत्तर नसल्यास तेथून निघावे.

उरलेल्या सामानात खरे-खोटे ओळखण्यासाठी काही साध्या कसोट्या आहेत.

• खुर्ची किंवा कपाट उलटे करून पाहावे. हाताने केलेल्या कामात सांधे किंचित असमान असतात आणि मागच्या न दिसणाऱ्या बाजूला पॉलिश नसते.
• झीज जेथे हात-पाय लागतात तेथेच असते. सगळीकडे सारखी झीज असेल, तर ती मुद्दाम केलेली असण्याचा संभव.
• लाकडाला बारीक भोके आणि खाली ताजा भुसा असेल, तर कीड अजून जिवंत आहे. असे सामान घरात आणल्यास इतरही लाकूड धोक्यात येते.
• पावतीवर वस्तूचे वर्णन, सांगितलेले वय आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता लिहून घ्यावा. जो वय तोंडी सांगतो पण लिहून देत नाही, त्याच्या बोलण्याला तेवढेच मोल द्यावे.

जुने मिळाले नाही, तर नवे पण परंपरेतले घेण्यात कमीपणा नाही. कुंकळ्ळीच्या चितारींचे लाखेचे रंगीत लाकूडकाम किंवा डिचोलीच्या कुंभाराचे भांडे आज घेतले, तर तो कारागीर उद्याही काम करील. शंभर वर्षांनी तीच वस्तू एखाद्या घराची आठवण होईल.

थोडक्यात तयारी

स्वतःचे वाहन असल्यास ही फेरी सोपी होते. बसने करायची झाल्यास म्हापसा, फोंडा आणि मडगाव ही तीन ठाणी धरून आखणी करावी. कापडी पिशव्या, सुटे पैसे, पावसाळ्यात घट्ट पकडीची पादत्राणे आणि जुन्या घरांसाठी आगाऊ ठरवलेली वेळ एवढे पुरे. एका दिवसात दोनपेक्षा जास्त घरे किंवा एकापेक्षा जास्त कुळागरे ठेवू नयेत. आणि आपल्याच गावात एखादे कुलूपबंद घर आणि त्यातली खोकी वाट पाहत असतील, तर परतल्यावर पहिली फेरी तेथे करावी. व्यापारी येण्याआधी वस्तूंची छायाचित्रे काढून यादी केली, तरी पुष्कळ काही वाचते.