कुलपाची विद्या शिकवावी का?

संगणकांची जाळी आणि त्यांची सुरक्षितता हा विषय घेऊन प्रगत पदविका करणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम चाळला, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. कुलूप कसे लावावे याच्या धड्यांबरोबर ते कसे फोडले जाते, याचेही धडे त्यात असतात. दुसऱ्याचा परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, कसा शोधला जातो, एखाद्या आज्ञावलीतील चुकीचा फायदा घेऊन संगणकात कसा शिरकाव होतो, हे विद्यार्थी प्रयोगशाळेत करूनही पाहतात. साहजिकच पालक विचारतात, आणि कधी कधी आम्हा शिक्षकांच्याही मनात येते, की चोरी कशी होते हे शिकवून आपण चोर तर घडवीत नाही ना?

प्रश्न खोटा नाही. पण तो नवाही नाही. संगणक जन्मण्याच्या कितीतरी आधी तो विचारला गेला होता, आणि त्याचे उत्तर शोधता शोधताच हा विषय उभा राहिला. तो इतिहास आज आपण पाहू.

दुकानाच्या खिडकीतील कुलूप

१७९० च्या सुमारास लंडनमध्ये जोसेफ ब्रामा या कारागिराच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलेले होते. हे कुलूप किल्लीविना उघडणारे साधन जो बनवील त्याला २०० गिनी बक्षीस, असे शेजारी जाहीर केलेले होते. साठ वर्षांहून अधिक काळ ते बक्षीस कोणी नेले नाही. १८५१ साली लंडनला मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, तेव्हा अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज हा कुलपांचा जाणकार तेथे आला. प्रथम त्याने चब कंपनीचे नावाजलेले कुलूप २५ मिनिटांत उघडले. मग ब्रामाच्या कुलपाला हात घातला. सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपल्यावर तेही उघडले!

लोक अस्वस्थ झाले. आता चोरांना रान मोकळे, अशी ओरड झाली. हॉब्जच्या बाजूचा युक्तिवाद असा होता, की कुलपाचे दोष चोरांना आधीच ठाऊक असतात. अंधारात असतो तो विकत घेणारा गृहस्थ. दोष उघड झाला तर कारागिराला कुलूप सुधारावे लागते.

पुढे १८८३ साली पॅरिसमध्ये राहणाऱ्या ऑगुस्त केर्कहॉफ्स या भाषाशिक्षकाने हाच विचार सांकेतिक लेखनाला लावला. संदेश लपवण्याची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित ठेवायचे ते फक्त किल्लीचे, असे त्याचे म्हणणे होते. आज सुरक्षिततेच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी प्रथम जी तत्त्वे शिकतो, त्यांत हे एक असते.

दळलेले पीठ आणि मीठ

आता संगणकाकडे वळू. एका मोठ्या संगणकावर अनेकजण काम करू लागले, तेव्हा प्रत्येकाला परवलीचा शब्द देणे आले. पण हे शब्द संगणकात जसेच्या तसे लिहून ठेवले, तर ती यादी ज्याच्या हाती लागेल त्याला सर्वच दारे उघडी. १९७९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. युनिक्स या प्रणालीत या अडचणीवर काय उपाय केला, हे त्यांनी त्यात सांगितले.

उपाय जात्यासारखा होता. ज्वारी दळली की पीठ मिळते, पण पिठापासून पुन्हा दाणे करता येत नाहीत. त्याचप्रमाणे परवलीचा शब्द गणिती जात्यातून दळायचा आणि संगणकात फक्त ‘पीठ’ साठवायचे. कोणी शब्द टंकला की तो पुन्हा दळायचा आणि पीठ पिठाशी ताडून पाहायचे. दोघांनी एकच शब्द निवडला तरी पीठ निराळे निघावे, म्हणून दळण्यापूर्वी त्यात ४०९६ प्रकारांपैकी एक ‘मीठ’ मिसळायचे. तंत्रज्ञांनी त्याला मीठ हेच नाव दिले आहे.

जाते उत्तम होते, पण माणसे दाणे कसले टाकीत होती? लेखकांनी ३२८९ परवलीचे शब्द तपासले. त्यांतले २८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फारच आखूड होते, नाही तर शब्दकोशात किंवा नावांच्या यादीत सापडणारे होते. दळलेले पीठ उलटे करता येत नसले, तरी शब्दकोशातला एकेक शब्द दळून ताडून पाहणे काही अवघड नाही.

ही दुबळी जागा लेखकांनी झाकून ठेवली नाही, छापून सर्वांपुढे मांडली. तरीही फारसे कोणी मनावर घेतले नाही. त्याचा अनुभव नऊ वर्षांनी आला, आणि तो आणणारा तरुण याच मॉरिस यांचा मुलगा होता.

२ नोव्हेंबर १९८८

अमेरिकेतील संगणकांचे पहिले मोठे जाळे १९६९ साली सुरू झाले. विद्यापीठे व संशोधन संस्था यांचे ते जाळे होते. माणसे एकमेकांना ओळखत होती, आणि यंत्रांची रचनाही त्या ओळखीच्या विश्वासावर बेतलेली होती. १९८८ पर्यंत त्यातून वाढलेल्या इंटरनेटवर सुमारे ६०,००० संगणक असावेत, असा अंदाज होता. विश्वास मात्र जुन्या लहानशा आळीतलाच राहिला होता.

कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट टॅपन मॉरिस याने २ नोव्हेंबर १९८८ च्या संध्याकाळी एक आज्ञावली या जाळ्यात सोडली. ती स्वतःच्या प्रती काढीत एका संगणकावरून दुसऱ्यावर जाई. अशा आज्ञावलीला इंग्रजीत वर्म, म्हणजे कृमी, म्हणतात. मराठीत वर्म म्हणजे दुबळे ठिकाण. योगायोगाने दोन्ही अर्थ येथे जुळतात, कारण या कृमीने चार वर्मे शोधली होती.

पहिले वर्म मोजणीचे. दूरच्या संगणकाकडून आलेली ओळ वाचून घेणाऱ्या एका आज्ञावलीने ५१२ अक्षरांची जागा राखून ठेवली होती, पण येणारी अक्षरे ती मोजतच नसे. कृमीने ५३६ अक्षरे पाठवली. कारकुनाने अर्जातील चौकटीबाहेर लिहीत जावे आणि शेजारच्या रकान्यातील हुकूमच खोडला जावा, तसे झाले. ‘पुढचे काम कोठून सुरू करावे’ याच्या नोंदीवर कृमीचा मजकूर उमटला आणि संगणक कृमीचे काम करू लागला.

दुसरे वर्म ई-मेल पोचवणाऱ्या आज्ञावलीत होते. चाचणीसाठी ठेवलेले एक दार पुष्कळ ठिकाणी उघडेच राहिले होते. तिसरे वर्म शेजारधर्माचे. ‘अमुक संगणकावरून आलेल्या माणसाला विचारू नका, आत सोडा’ अशा याद्या संगणकांत असत. चौथे वर्म म्हणजे परवलीचे शब्द. कृमी आधी माणसाचे नाव, मग तेच उलटे करून, मग स्वतःजवळच्या ४३२ शब्दांची यादी, अशा क्रमाने ताडून पाही. वडिलांनी १९७९ मध्ये दिलेला इशारा मुलाच्या आज्ञावलीने खरा करून दाखवला.

या कृमीने कोणाची माहिती पुसली नाही. पण तिच्या कर्त्याचा हिशेब चुकला. संगणकावर आधीच एक प्रत असेल तर नव्या प्रतीने थांबावे, अशी योजना होती. कोणी खोटेच ‘प्रत आहे’ असे सांगून तिला अडवू नये, म्हणून सातांतून एकदा तिने तरीही मुक्काम ठोकावा, असे त्याने ठरवले. सातांतून एक हे प्रमाण फार जास्त ठरले. एकाच संगणकात प्रतींवर प्रती साचल्या आणि यंत्रे मान टाकू लागली. सुमारे ६००० संगणकांना बाधा झाली, असा त्या वेळचा अंदाज होता.

मग काय शिकले?

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी बर्कली, एम.आय.टी., पर्ड्यू अशा विद्यापीठांतील मंडळींनी कृमीची चिरफाड केली. प्रसार रोखण्याचे पहिले उपाय बर्कलीच्या गटाने बारा तासांच्या आत तयार केले. पण गंमत अशी की, धास्तावून अनेकांनी आपले संगणक जाळ्यापासून तोडले होते. उपाय जाळ्यावरूनच येत होता, तो त्यांच्यापर्यंत पोचेना. संकटात कोणी कोणाला कळवायचे, याची व्यवस्थाच नव्हती. म्हणून त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे मदतकेंद्र स्थापन झाले. भारतात असे केंद्र, सर्ट-इन, जानेवारी २००४ पासून काम करू लागले.

त्यानंतर आपला मूळ प्रश्न पुढे आला. कृमीचे अंतरंग प्रसिद्ध करावे का? उलगडलेली संपूर्ण आज्ञावली पसरू नये, असे सरकारी सुरक्षा यंत्रणेचे मत होते. ते अगदीच चूक नव्हते, कारण अनेक संगणक अजून दुरुस्त व्हायचे होते. पर्ड्यूचे यूजीन स्पॅफर्ड यांनी नोव्हेंबर संपण्यापूर्वीच अहवाल लिहिला. त्यात प्रत्येक वर्माचे कार्य समजावून दिले होते, मूळ आज्ञावली मात्र दिली नव्हती. पुढच्या वर्षी एम.आय.टी.च्या गटाचाही निबंध आला. या निबंधांवर पुढील विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. आजच्या अभ्यासक्रमातली स्मृतीच्या मर्यादेबाहेरचे लेखन, परवलीच्या शब्दांची पारख, विश्वासाच्या सीमा, आपत्तीतील प्रतिसाद ही प्रकरणे त्या एका रात्रीतही सापडतात. न मोजता ओळ वाचणारे ‘सी’ भाषेतील ते कुप्रसिद्ध फलन २०११ साली त्या भाषेच्या प्रमाणातून काढून टाकण्यात आले.

झाकून ठेवल्याने काय होते, याचेही उदाहरण घडले आहे. विंडोजमधील एक वर्म अमेरिकेच्या सुरक्षा यंत्रणेने स्वतःच्या वापरासाठी गुप्त ठेवले होते. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती दिली, एप्रिलमध्ये त्याचा फायदा घेणारे हत्यार फुटून जगजाहीर झाले आणि मे महिन्यात त्याच्या आधाराने ‘वॉनाक्राय’ या कृमीने इंग्लंडमधील रुग्णालयांची कामे अडवली. ज्यांनी दोन महिन्यांत दुरुस्ती बसवली नव्हती, त्यांना फटका बसला. दोष लपवणे घातक, आणि उघड झालेला दोष दुर्लक्षिणेही तितकेच घातक. म्हणून आज रीत पडली आहे ती अशी: दोष सापडला की आधी बनवणाऱ्याला कळवावे, दुरुस्तीस वेळ द्यावा, मग सर्वांना सांगावे.

वर्गातला धडा

रॉबर्ट टॅपन मॉरिसवर खटला झाला. १९९० मध्ये त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एम.आय.टी.मध्ये प्राध्यापक झाला. त्याच्याजवळ ज्ञान होते, यात गुन्हा नव्हता. दुसऱ्यांच्या यंत्रांवर, त्यांना न विचारता, त्याने ते वापरले, हा गुन्हा होता. हॉब्जने मालकांच्या संमतीने, साक्षीदारांसमोर कुलूप उघडले होते. आपल्याकडे २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदाही परवानगी होती की नव्हती, हेच आधी पाहतो.

तेव्हा हा भाग वर्गात टाळण्याचे कारण नाही. एक साधा प्रयोग करता येईल. मुलांना स्वतःचा खरा परवलीचा शब्द मुळीच लिहू देऊ नका. ‘एखादा माणूस कोणता शब्द निवडील?’ असे विचारून कल्पनेतले शब्द चिठ्ठ्यांवर घ्या. त्यांत नावे, देव, गावे, खेळाडू आणि जन्मसाले किती, ते मोजा आणि १९७९ च्या ८६ टक्क्यांशी ताडून पाहा. मग गणित घाला. इंग्रजीतील सहा लहान अक्षरांचे शब्द २६ चा सहावा घात, म्हणजे ३० कोटी ८९ लाख १५ हजार ७७६ होतात. सेकंदाला एक लाख शब्द तपासले तर सगळे ५२ मिनिटांच्या आत संपतात. अक्षरे बारा केली, तर त्याच वेगाने सुमारे ३० हजार वर्षे लागतील. आजची यंत्रे याहून कितीतरी वेगवान आहेत, हेही सांगावे.

आणि गणित सुटल्यावर मुलांना एवढेच विचारावे: शेजाऱ्याचे दार उघडे दिसले, तर तुम्ही आत शिराल, की त्याला हाक मारून सांगाल? परवानगीचा धडा मुलांपर्यंत पोचला की नाही, ते त्या उत्तरावरून कळेल.