विद्युत् भारण, रस्त्यावरील
संचायक घटमालेतील ऊर्जा संपल्याने वाटेत थांबलेल्या विद्युत् मोटारगाडीस दुसऱ्या वाहनातून आणलेली वीज जागेवरच पुरविण्याची व्यवस्था. घटमालेत वीज साठविण्याच्या क्रियेस भारण व व्यवहारात चार्जिंग म्हणतात. थांबलेली गाडी जवळच्या भारण केंद्रापर्यंत पोहोचावी, एवढाच ह्या व्यवस्थेचा हेतू असतो. घटमाला पूर्ण भरणे हा नव्हे.

ही अडचण विद्युत् गाडीइतकीच जुनी आहे. लंडनमध्ये ऑगस्ट १८९७ मध्ये वॉल्टर बर्सी ह्यांच्या आराखड्याप्रमाणे बनविलेल्या विजेच्या भाडोत्री गाड्या धावू लागल्या. त्यांचा पल्ला सु. ५० किमी. असे व घटमाला ठराविक ठिकाणीच बदलून मिळे. १८९९ मध्ये त्या बंद पडल्या. न्यूयॉर्कमध्ये त्याच सुमारास ब्रॉडवेवरील केंद्रात यारीच्या साहाय्याने काही मिनिटांत घटमाला बदलीत. हार्टफर्ड येथील वीज कंपनीने १९१० पासून १९२४ पर्यंत घटमाला भाड्याने देण्याची योजना चालविली. ह्या योजनांत गाडीलाच विजेपाशी यावे लागे. १९१२ मध्ये पेट्रोल गाडीस विद्युत् प्रारंभक मिळाला, पेट्रोल स्वस्त झाले आणि विजेच्या गाड्यांबरोबर हा प्रश्नही मागे पडला.

पेट्रोल संपलेल्या गाडीसाठी सायकलीला डबा अडकवून ५ लि. पेट्रोल आणले, तरी लहान गाडी सु. ७५ किमी. जाते. तेवढ्याच अंतरासाठी विजेच्या गाडीस सु. १० किवॉ. तास ऊर्जा लागते आणि ती साठविणाऱ्या लिथियम-आयन घटमालेचे वजन सु. ७५ किग्रॅ. भरते. शिसे-अम्ल घटांच्या काळात हेच वजन त्याच्या तीन-चार पट झाले असते. वीज गाडीकडे नेण्याची कल्पना इतक्या उशिरा व्यवहारात का आली, ह्याचे उत्तर ह्या आकड्यांत आहे. २०११ मध्ये जपानच्या मोटारवाहन संघाने निसान कंपनीच्या सहकार्याने कानागावा प्रांतात भारण यंत्र बसविलेल्या वाहनाची चाचणी घेतली. त्याच वर्षी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मोटारवाहन संघाने काही शहरांत अशी सेवा सुरू केली. मागणी अल्प असल्याने ती मध्यंतरी थांबवावी लागली व २०२० नंतर विजेच्या गाड्या वाढल्यावर पुन्हा हाती घेण्यात आली. ब्रिटनमधील एका मोटार संघटनेने २०१९ मध्ये आपल्या दुरुस्ती वाहनांवर लहान भारण यंत्रे बसविली.

साहाय्यवाहनात मोठी घटमाला तरी असते किंवा एंजिनावर चालणारे जनित्र. ७ किवॉ. शक्तीच्या यंत्राने अर्ध्या तासात सु. ३·५ किवॉ. तास ऊर्जा मिळते व तीवर गाडी सु. २५ किमी. जाते. पुष्कळदा मात्र मोठी घटमाला भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. दिवे व नियंत्रक यंत्रणा चालविणारा १२ व्होल्टचा लहान संचायकच उतरलेला असतो. अशा वेळी साधा संचायक जोडूनही काम भागते. भारण शक्य नसल्यास गाडी सपाट फळीच्या वाहनावर चढवून न्यावी लागते. चालक चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास चलित्रात वीज निर्माण होऊन यंत्रणा बिघडण्याचा संभव असतो. दोर बांधून ओढण्याची आपल्याकडील सवय येथे उपयोगी नाही.

भारतात गाड्यांचे भारण ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. ह्यामुळे परवान्याशिवाय हा व्यवसाय करणे शक्य झाले. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किमी.वर एक केंद्र असावे, असे म्हटले होते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात केंद्रांसाठी सात नागरी क्षेत्रे व चार महामार्ग निवडले होते. त्यांत सोलापूर व अमरावती होती, कोल्हापूर नव्हते. पुणे-कोल्हापूर रस्ताही नव्हता. पुण्यापासून सु. २३० किमी.वर असलेल्या व कोकणात उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी वसलेल्या शहराच्या बाबतीत ही उणीव लहान म्हणता येत नाही.

कोल्हापुरात प्रश्न अंतरापेक्षा चढाचा आहे. आंबा, करूळ व फोंडा ह्या घाटांनी गाडी खाली उतरताना गतिरोधनातून थोडी ऊर्जा परत मिळते व पल्ला पुरेसा वाटतो. परतताना १,५०० किग्रॅ. वजनाच्या गाडीस ६०० मी. चढण्यास केवळ उंचीपोटी सु. २·५ किवॉ. तास जादा खर्चावे लागतात. यंत्रातील ऱ्हास धरता हा खर्च सपाटीवरील सु. २० किमी.च्या प्रवासाएवढा होतो. पल्ल्याचा अंदाज उतरणीवरून बांधणारा चालक म्हणून चढणीच्या मध्यावर अडकतो. तेथे रस्ता अरुंद, वळणे तीव्र व दोन्ही बाजूंस अरण्य असते आणि थांबलेल्या एका गाडीमुळे मागची वाहतूक खोळंबते. कोल्हापुरातून निघालेल्या साहाय्यवाहनास घाटमाथा गाठण्यासच दीड तास लागू शकतो. त्यामुळे ते शहरातील उद्यमनगरात उभे करण्यापेक्षा मलकापूर, गगनबावडा किंवा राधानगरी येथे ठेवणे अधिक सयुक्तिक ठरते.