जैन विधवेचा वारसाहक्क : सव्वाशे वर्षांची न्यायालयीन वाटचाल

पतीच्या निधनानंतर त्याच्या मिळकतीवर पत्नीचा अधिकार किती, या प्रश्नाला जैन नीतिग्रंथांनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध आहे. आचार्य हेमचंद्रांच्या नावाशी निगडित असलेल्या ‘अर्हन्नीती’तील वारसक्रमात पत्नीचे स्थान पुत्राच्याही आधी येते. याचे मूळ तत्त्वज्ञानात आहे. प्रत्येक जीव स्वतःच्याच कर्माचा भोक्ता, ही जैन दर्शनाची धारणा; त्यामुळे पुत्राने पिंडदान केल्याने पित्याला सद्गती लाभते, हा विचार येथे कधी रुजला नाही. पुत्र हा कुटुंबाचा आधार खरा, परंतु परलोकाचा तारक नव्हे. दत्तकविधानही त्यामुळे धार्मिक संस्कार न राहता पेढी आणि घर पुढे चालविण्याची लौकिक व्यवस्था ठरले.

इंग्रजी न्यायालयांपुढे हा विचार मांडणे मात्र सोपे नव्हते. तत्कालीन हिंदू कायद्यानुसार विभक्त पतीच्या निपुत्रिक विधवेला मिळकतीचा केवळ मर्यादित उपभोग मिळे. उत्पन्न तिचे, पण कायदेशीर निकडीवाचून विक्री करता येत नसे आणि तिच्या पश्चात मिळकत पतीच्या वारसांकडे परत जाई. पती एकत्र कुटुंबात वारला असेल, तर तिच्या वाट्याला पोटगीच येई. जैनांना हाच कायदा लावायचा की त्यांची वेगळी रूढी मानायची, यावर एकेका विधवेचे उर्वरित आयुष्य अवलंबून होते.

बंगालच्या सदर दिवाणी अदालतीने १८३३ मध्ये गोविंदनाथ राय विरुद्ध गुलालचंद या दाव्यात, जैन विधवा पतीच्या अनुज्ञेशिवाय दत्तक घेऊ शकते, असे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयाची भूमिका अधिक सावध होती. भगवानदास तेजमल प्रकरणात १८७३ साली मुख्य न्यायमूर्ती वेस्ट्रॉप यांनी, निराळी रूढी पुराव्याने सिद्ध न झाल्यास जैनांना सामान्य हिंदू कायदाच लागू होईल, असा दंडक घालून दिला. (दत्तकापुरते पाहता महाराष्ट्रात हा वाद तितकासा तीव्र नव्हता, येथील परंपरेत हिंदू विधवेलाही पतीच्या स्पष्ट परवानगीवाचून दत्तक घेता येई.)

या दंडकाने वकिलांच्या कामाचे स्वरूप ठरले. ग्रंथातील श्लोक दाखवून भागेना. ‘आमच्यात असेच चालत आले आहे’ हे हयात माणसांच्या साक्षीने आणि पूर्वीच्या उदाहरणांनी शाबीत करावे लागे. पै-पैचा हिशेब वहीत उतरवणाऱ्या व्यापारी समाजाने आपली वारसारीत मात्र लिहून ठेवण्याची तसदी घेतली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. वायव्य प्रांतातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेल्या शिवसिंग राय विरुद्ध मुसम्मात दाखो या दाव्यात असा पुरावा उभा राहिला आणि १८७८ मध्ये निर्णय लागला. निपुत्रिक जैन विधवेला निदान पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पूर्ण मालकी मिळते व दत्तकासाठी तिला पतीची अनुज्ञा लागत नाही, असे त्यात ठरले. पुढील अनेक दाव्यांत याच निकालाचा आधार घेतला गेला.

तथापि प्रत्येक प्रांतात पुनःपुन्हा रूढी सिद्ध करण्याचा फेरा संपला नव्हता. तो संपवण्यासाठी विसाव्या शतकात दोन बॅरिस्टर पुढे आले. जगमंदरलाल जैनी यांनी ‘भद्रबाहुसंहिते’तील वारसाविषयक भाग इंग्रजीत आणला. विलायतेत कायद्याचे शिक्षण घेऊन हरदोई येथे वकिली करणारे चंपतराय जैन यांनी १९२६ मध्ये ‘जैन लॉ’ हा ग्रंथ सिद्ध केला. हरिसिंग गौर यांच्या ‘हिंदू कोड’मध्ये जैनांची गणना हिंदूंतील मतभेदी पंथात झाली होती, त्याबद्दलची अस्वस्थता या ग्रंथामागे होती. ‘भद्रबाहुसंहिता’ आज ज्या रूपात उपलब्ध आहे ते श्रुतकेवली भद्रबाहूंच्या काळाचे नसून पुष्कळ नंतरचे असावे, असे संशोधक म्हणतात. न्यायालयेही केवळ ग्रंथाधारे निर्णय देण्यास फारशी राजी नव्हती. असे असले तरी विखुरलेली वचने आणि निकाल एका जागी आणण्याचे या दोघांचे श्रम समाजाने विसरण्याजोगे नाहीत.

पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने चित्रच पालटले. हा कायदा जैनांना स्पष्टपणे लागू झाला आणि त्याविरुद्ध जाणारी जुनी रूढी रद्द झाली. कलम १४ मुळे स्त्रीच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी प्रस्थापित झाली. जे दाखोबाईंना प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन मिळवावे लागले, ते प्रत्येक हिंदू, बौद्ध, शीख व जैन स्त्रीचे झाले. दुसऱ्या बाजूने जैन पत्नीचे पहिले स्थान गेले. मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची मिळकत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांच्यात विभागली जाऊ लागली. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने आणि केंद्राने २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध सहदायकत्वही दिले.

अर्हन्नीतीप्रमाणे आपल्या पश्चात सर्व काही पत्नीकडेच जावे, असे ज्या श्रावकाला वाटते, त्याला आता मृत्युपत्राचाच मार्ग उरला आहे. तो मार्ग नवा नाही. मुंबई शहरातील जैनांची मृत्युपत्रे १८७० च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टच्या कक्षेत होती आणि त्या कायद्यात जैनांचा नामनिर्देश होता. एकत्र कुटुंबातील स्वतःचा हिस्सादेखील १९५६ च्या कायद्याच्या कलम ३० नुसार मृत्युपत्राने देता येतो. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या असल्याच पाहिजेत.