हँडल ओढलं कोणी? थेऊरजवळ पडलेलं सुखोई

आपली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली ते साल आठवतंय? २०१४. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला संध्याकाळी हवाई दलाचं एक सुखोई-३० सरावाचं उड्डाण आटोपून पुण्याच्या लोहगाव तळावर उतरायला येत होतं. आत विंग कमांडर सिद्धार्थ मुंजे आणि एक तरुण फ्लाइंग ऑफिसर. धावपट्टी अजून वीसेक किलोमीटर लांब होती, आणि अचानक दोघंही विमानाबाहेर फेकले गेले. खुर्चीसकट!

आता ही खुर्ची समजून घ्या. वैमानिकाच्या दोन पायांमध्ये एक हँडल असतं. ते ओढलं की डोक्यावरची काच उडून जाते, खुर्चीचं रॉकेट पेटतं आणि माणूस वर फेकला जातो. मग पॅराशूट. सगळा खेळ काही सेकंदांचा. सुखोईतली रशियन के-३६ खुर्ची तर जमिनीवर उभ्या विमानातूनही माणसाला वाचवू शकते. सोव्हिएत नौदलाच्या याक-३८ मध्ये आपोआप उडणारी खुर्ची मुद्दाम बसवली होती. सुखोईत तसं नाही. इथे कोणीतरी ओढावंच लागतं.

आणि इथे तर कोणी ओढलंच नव्हतं.

दोघं पॅराशूटने सुखरूप उतरले. रिकामं विमान थेऊरजवळ उसाच्या शेतात कोसळलं. हो, अष्टविनायकातल्या चिंतामणीचं थेऊर. वस्ती जवळ होती, पण जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही.

हवाई दलाने मग सगळीच सुखोई जमिनीवर आणली. दोनशेच्या आसपास विमानं, म्हणजे लढाऊ ताफ्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, काही आठवडे बंद! रशियातून तज्ज्ञ आले. तिकडच्या माध्यमांत बातमी आली की चूक वैमानिकाची. हवाई दलाने ते साफ नाकारलं. मला विचाराल तर हा भाग अपघाताइतकाच मोठा आहे, कारण अशा भांडणात यंत्र बनवणाऱ्याचा आवाज मोठा असतो आणि वैमानिकाकडे फक्त त्याचा शब्द असतो.

तपासण्या झाल्यावर विमानं पुन्हा उडू लागली.

आणि मुंजे? ३० एप्रिल २००९ रोजी राजस्थानात भारताचं पहिलं सुखोई-३० पडलं, तेव्हाही ते त्याच विमानात होते. ते उडी घेऊन वाचले. सोबतचे विंग कमांडर नारा मात्र वाचले नाहीत.