गच्चीवरचे दूरदर्शन

टीव्हीचा इतिहास लिहिणारे विद्वान १९५९ च्या दिल्लीपासून निघतात, १९७२ च्या गांधीजयंतीला वरळीला पोचतात आणि तिथेच बस्तान मांडतात. दहिसरचा नाका ओलांडून भाईंदरला कोण येणार? नकाशावर आम्ही मुंबईला चिकटलेले आहोत. पण लोकलमध्ये शिरून पाहा, म्हणजे दुर्गम कशाला म्हणतात ते कळेल!

खरं तर आमच्याकडे खासगी टीव्ही केंद्रं होती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने हवेवर सरकारची मालकी. गच्चीवर मात्र सोसायटीची! ऐंशीच्या दशकात मुंबईच्या इमारतींत एका व्हीसीआरवरून घरोघर वायरी गेल्या आणि हे लोण उपनगरांत पसरलं. १९९१ च्या आखाती युद्धाने गच्च्यांवर डिश आणल्या. बगदादवर पडणारे बॉम्ब घरबसल्या दिसू लागले. आपल्या नळाला पाणी कधी येणार, हे मात्र कुठलाच उपग्रह सांगेना.

ते सांगायचा आमचा केबलवाला. सिनेमाच्या तळाशी पट्टी सरकायची : ‘उद्या पाणी नाही.’ नायिका प्राण सोडत असताना अख्खी इमारत बादल्या भरायला धावायची. हरवलेलं पोर, मंडळाची महाप्रसादाची वेळ, पाटलांच्या बंटीचा वाढदिवस, सगळं त्याच पट्टीवर. केंद्रसंचालक तोच, इंजिनियर तोच आणि एक तारखेला वसुलीला येणारा कारकूनही तोच. १९९५ च्या कायद्याने अशा केबलवाल्यांना नोंदणी सक्तीची झाली. ती कुठे करायची? मुख्य पोस्टात! म्हणजे आमचं दूरदर्शन आणि मनीऑर्डर, दोन्ही एकाच खात्यात.

पुढे सेट-टॉप बॉक्स आले. मुंबईत नोव्हेंबर २०१२ पासून, मग आमच्याकडे. केबलवाल्याच्या हाती वायर उरली, पडदा गेला. कारकुनी सवयीने ताळेबंद मांडतो : जमेला शेकडो वाहिन्या, नावे फक्त एक रक्कम, भाईंदर.

रक्कम किरकोळ नाही, बरं का! भाईंदरला १९८५ साली नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. मधल्या वर्षांत मिठागरांशेजारी शहर उभं राहत होतं, तेव्हा त्याच्या मिरवणुका नि स्नेहसंमेलनं टिपणारा कॅमेरा वरळीचा नव्हता, गच्चीवरचा होता. त्या कॅसेटी कुठे गेल्या, असं मी आमच्या केबलवाल्याला विचारलं. म्हणाला, “साहेब, कॅसेट महाग. गणपतीवर लग्न चढवलं, लग्नावर पिक्चर.”

आमच्या शहराचा इतिहास असा कुठल्या तरी पिक्चरखाली झोपला आहे.